गाठ काढायची, किडनी ठेवायची

पोटात जळजळ होते म्हणून कुणीतरी सोनोग्राफी करून घेतं. पित्ताशय ठीक, यकृत ठीक, आणि रिपोर्टाच्या मधल्याच एका ओळीत लिहिलेलं असतं : डाव्या किडनीच्या खालच्या टोकाला ३.२ सेंमीची घट्ट गाठ. लघवीला त्रास नाही, रक्त नाही, कंबर दुखत नाही. सकाळी चालत गेलेल्या माणसाच्या घरात दुपारपर्यंत कॅन्सर हा शब्द येऊन बसतो. मग फोन सुरू होतात. पुण्याचा भाचा, हैदराबादची नणंद, ओळखीचा मेडिकलवाला. सगळ्यांचा सल्ला एकच निघतो : "एका किडनीवर माणूस जगतो. काढून टाका, डोक्याला ताप नको."

सल्ला मायेपोटी दिलेला असतो, पण लहान गाठीच्या बाबतीत तो बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. गाठ ४ सेंमीपर्यंतची आणि जागा सोयीची असेल, तर फक्त गाठ काढून बाकीची किडनी जागेवर ठेवणं हीच आज जगभर पहिली पसंती आहे. डॉक्टर याला पार्शल नेफ्रेक्टॉमी म्हणतात. 'पार्शल' म्हटलं की अर्धवट काम वाटतं, म्हणून इथे तिला किडनी राखणारी शस्त्रक्रिया म्हणू.

किडनीचा कॅन्सर आपल्याकडे फारसा कानावर येत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ पासून कर्करोगाची नोंदणी चालते. ग्रामीण भागासाठीची ती देशातली पहिली. आपल्या भागात कॅन्सर म्हटलं की तोंडाचा, गर्भाशयमुखाचा, स्तनाचा, हेच डोळ्यांपुढे येतात. पण सोनोग्राफी तालुक्याच्या गावापर्यंत पोचली आणि किडनीतल्या लहान गाठी आपसूक सापडू लागल्या. जगभर आता निम्म्याहून जास्त गाठी अशाच, दुसऱ्या कारणासाठी केलेल्या तपासणीत दिसतात. लवकर सापडलेली गाठ लहान असते, आणि लहान असते म्हणूनच किडनी वाचवता येते.

## वीस मागांचा कारखाना

प्रत्येक किडनीत सरासरी दहा लाख बारीक गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. दोन्ही किडन्या मिळून मिनिटाला सुमारे एक लिटर रक्त घेतात, दिवसाला १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत शरीराला देतात. जन्मल्यानंतर नवा नेफ्रॉन तयार होत नाही. जो गेला तो गेला.

सोलापूरच्या पूर्व भागातला वीस मागांचा कारखाना डोळ्यांपुढे आणा. त्यातले दहा माग एका दिवसात बंद केले आणि ऑर्डर तेवढीच ठेवली, तर उरलेले दहा डबल पाळीत पळतील. माल निघेल, बाहेरच्याला फरक कळणारही नाही. पण जो माग आठ तास चालायचा तो सोळा तास चालतोय. त्यात वीज कमीजास्त होत असेल, तेलपाणी वेळेवर नसेल, तर सुटे भाग लवकर झिजतात. किडनीच्या बाबतीत वीज म्हणजे रक्तदाब आणि तेलपाणी म्हणजे साखर. एक किडनी काढल्यावर दुसरी थोडी मोठी होते, जास्त काम उचलते, म्हणून एकूण गाळणशक्ती निम्म्यावर न येता साधारण तिसऱ्या हिश्श्याने घटते. माणूस बरा राहतो, पण राखीव साठा संपलेला असतो. पन्नाशीत किडनी काढलेल्या माणसाला पुढची पंचवीस-तीस वर्षं त्या साठ्याशिवाय काढायची असतात.

गाळणशक्ती रिपोर्टात ईजीएफआर या नावाने लिहितात. निरोगी तरुणात ती ९० च्या वर असते. तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिली तर किडनीचा जुनाट आजार धरतात. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ, एकटं बघू नका. १.२ हा आकडा तिशीतल्या पुरुषाचा असेल तर ईजीएफआर ८० च्या वर निघतो. तोच १.२ पासष्टीच्या बाईचा असेल तर ५० च्या आसपास. लॅबच्या कागदावर मात्र दोघांच्या आकड्यापुढे 'नॉर्मल' असंच छापून येऊ शकतं.

## गाठ आहे म्हणजे कॅन्सरच का?

सोनोग्राफीने गाठ दिसते, ओळख सीटी स्कॅनने पटते. हा सीटी साधा चालत नाही. आधी औषधाशिवाय, मग शिरेतून औषध देऊन वेगवेगळ्या वेळी फोटो घ्यावे लागतात. औषध दिल्यावर गाठ उजळली, म्हणजे तिला रक्तपुरवठा आहे, तर कॅन्सरचा संशय पक्का होतो. औषध देऊनही उजळली नाही आणि आत नुसतं पाणी असेल, तर ती साधी सिस्ट असते. चाळिशीनंतर अशा सिस्ट कितीतरी जणांना असतात आणि त्यांना काही करावं लागत नाही. गाठीत चरबी दिसली तर ती बहुधा अँजिओमायोलायपोमा असते. तीही कॅन्सर नाही.

४ सेंमीहून लहान, उजळणाऱ्या गाठी ऑपरेशन करून काढल्या, तर पाचातली साधारण एक कॅन्सर नसलेली निघते. ही गोष्ट फार थोड्या घरांना सांगितली जाते. निरुपद्रवी गाठीसाठी अख्खी किडनी गेली असं नंतर कळणं किती जड जाईल, याचा विचार आधी व्हायला हवा.

मग सुईने तुकडा काढून बघत का नाहीत? बघतात, पण सरसकट नाही. सीटी स्पष्ट असेल आणि ऑपरेशन करायचंच असेल तर बायोप्सीने निर्णय बदलत नाही. वय जास्त, हृदय कमकुवत, किंवा गाठीचं रूप गोंधळात टाकणारं असेल तर तिचा उपयोग होतो. सुईच्या वाटेने कॅन्सर पसरतो ही भीती मोठी आहे, पण प्रत्यक्षात ते अत्यंत दुर्मीळ आहे.

लहान गाठ सरासरी वर्षाला २ ते ३ मिलिमीटर वाढते. म्हणून ऐंशीच्या घरातल्या, हृदयविकार असलेल्या आजोबांच्या २ सेंमीच्या गाठीवर नुसती नजर ठेवणं हाही पूर्ण उपचार आहे. आणि पन्नाशीतल्या माणसाला दुसरं मत घ्यायला दोन-तीन आठवडे लागले, तर त्यात काही बिघडत नाही. या आठवड्यातच ऑपरेशन झालं पाहिजे अशी घाई या गाठींना नसते.

## अख्खी किडनी काढायची रीत कुठून आली

१८६९ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला गुस्ताव सायमन यांनी ठरवून किडनी काढली आणि माणूस एका किडनीवर जगतो हे दाखवलं. त्याच गावात १८८७ मध्ये व्हिन्सेन्झ चेर्नी यांनी गाठीपुरता भाग काढून किडनी ठेवली. म्हणजे कल्पना जुनीच आहे. पण रक्तस्राव आवरायची साधनं नव्हती, लघवी झिरपायची, म्हणून ती मागे पडली. १९६० च्या दशकात किडनी, भोवतालची चरबी, वरची अधिवृक्क ग्रंथी असं सगळं एकत्र काढण्याची पद्धत रुजली आणि तिचे निकाल तेव्हाच्या मानाने चांगले आले. तेव्हा गाठी सापडायच्याच मुळी रक्ताची लघवी झाल्यावर किंवा पोटात गोळा हाताला लागल्यावर, सात-दहा सेंमीच्या. त्या काळी तो निर्णय बरोबर होता. आज गाठ तीन सेंमीची आहे आणि सल्ला मात्र त्याच काळातला दिला जातोय.

## टेबलावर नेमकं काय होतं

पोट उघडून, दुर्बिणीने किंवा रोबोटच्या मदतीने, तिन्ही प्रकारे हे ऑपरेशन होतं. रोबोटमध्ये हात सर्जनचेच असतात, अवजार मनगटासारखं वळतं इतकाच फरक. टाके घालायला त्याने सोपं जातं, पण किडनी वाचवायला रोबोटच हवा असं नाही. सवयीच्या हाताने उघडं ऑपरेशन केलं तरी आतला निकाल तितकाच चांगला येतो. जखम मोठी राहते आणि बरं व्हायला जास्त दिवस लागतात.

रुग्णाला कुशीवर झोपवतात. मोठं आतडं बाजूला सारतात आणि किडनीच्या देठाशी पोचतात. देठात धमनी, शीर आणि लघवीची नळी असते. धमनी नीट मोकळी करून घेतात. काहींना एकाऐवजी दोन-तीन धमन्या असतात आणि त्या आधीच्या सीटीत मोजून ठेवलेल्या असाव्या लागतात. राहून गेलेली एक धमनी म्हणजे ऐन कापताना रक्ताने भरलेलं मैदान. मग किडनीवरची चरबी सोलून गाठ उघडी करतात, सोनोग्राफीची बारीक काडी थेट किडनीवर टेकवून गाठ आत किती खोल गेली आहे ते बघतात आणि भोवती खूण करतात.

आता धमनीला चिमटा लावायचा. सोलापूरकराला व्हॉल्व्हची गोष्ट समजावून सांगायला नको. मुख्य लाइन फुटली की व्हॉल्व्ह बंद करतात आणि दुरुस्ती उरकेपर्यंत पुढच्या वस्तीला टाकीतल्या पाण्यावर भागवावं लागतं. टाकी संपायच्या आत काम झालं पाहिजे. किडनीची टाकी फार लहान असते. रक्त थांबल्यापासून २० ते २५ मिनिटांत गाठ काढून आतले टाके पूर्ण व्हावेत असा प्रयत्न असतो. जास्त वेळ लागणार हे आधीच दिसत असेल तर किडनीभोवती बर्फाचा चुरा ठेवून तिला गार करतात, म्हणजे तिला ऑक्सिजन कमी लागतो. चिमटा लागला की ऑपरेशन थिएटरात कुणीतरी मोठ्याने मिनिटं मोजत असतं.

गाठ साध्या कात्रीने, भोवती निरोगी किडनीचा पातळ थर ठेवून काढतात. विजेच्या चटक्याने कापलं तर कडा काळवंडते आणि गाठ कुठे संपली ते दिसत नाही. कॅन्सरभोवती बहुधा एक पातळ आवरण असतं, ते फुटू न देता त्याच्या बाहेरून जायचं असतं. पूर्वी एक सेंमी निरोगी भाग काढायचाच असा दंडक होता. आता तसा नाही. गाठ पूर्ण निघाली आणि कडा स्वच्छ असली, तर एक-दोन मिलिमीटर पुरतात.

खरी कसोटी यानंतरची आहे. किडनीला टाका घालणं म्हणजे खरवसाला दोरा घालण्यासारखं आहे. ओढला की दोरा मांस कापत निघतो. म्हणून दोन थर घालतात. आतल्या थराला बारीक काटे असलेला दोरा वापरतात, म्हणजे तो मागे सरकत नाही. त्याने उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या आणि लघवीचा कप्पा बंद करायचा. मग चिमटा काढून रक्त सुरू करतात आणि कुठून येतं ते बघतात. वरच्या थराला जाड दोरा घेऊन प्रत्येक टाक्याच्या दोन्ही टोकांना प्लास्टिकची क्लिप सरकवतात. कोटाच्या बटणामागे कापड फाटू नये म्हणून लहान चकती लावतात ना, तसं काम ही क्लिप करते. ताण एका बिंदूवर न पडता पसरतो. शेवटी, दुर्बिणीचं ऑपरेशन असेल तर, पोट फुगवायला भरलेल्या गॅसचा दाब कमी करून दोन-चार मिनिटं नुसतं थांबतात, कारण गॅसच्या दाबाने दबलेली शीर नंतर सुटून वाहू शकते.

चिमट्याच्या वेळेचा फार बाऊ होतो. दोन्ही किडन्या चांगल्या असतील तर २० मिनिटं की २५, याने पुढे फारसा फरक पडत नाही. निरोगी किडनी किती उरली आणि टाक्यांनी किती आवळली गेली, यावर पुढची ताकद जास्त ठरते. साधारण हिशोब असा, की ज्या किडनीवर ऑपरेशन झालं तिची सुमारे ८० टक्के ताकद टिकते, आणि दोन्हींची मिळून ९० टक्क्यांच्या आसपास.

## "कापताना कॅन्सर मागे राहणार नाही का?"

घरच्यांची सगळ्यात मोठी भीती हीच असते, आणि ती रास्त आहे. काढलेल्या गाठीची कडा पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. शंभरातल्या दोन ते आठ जणांत कडेला कॅन्सरच्या पेशी सापडतात. तरी त्यातल्या बहुतेकांना पुढे त्या जागी गाठ येत नाही. अशा वेळी घाईने उरलेली किडनी न काढता जवळून तपासण्या करत राहायचं असतं. आधीच काढून टाकलं तर जे होणार नव्हतं त्याचीही किंमत मोजावी लागते.

४ सेंमीपर्यंतच्या, बाहेर न पसरलेल्या कॅन्सरमध्ये पाच वर्षांनंतर ९५ टक्क्यांहून जास्त जणांचा मृत्यू किडनीच्या कॅन्सरने झालेला नसतो. किडनी ठेवली तरी आणि काढली तरी हा आकडा जवळपास तोच राहतो. ऑपरेशननंतर केमो किंवा शेक (रेडिएशन) लागेल का, असंही विचारतात. लहान गाठीला लागत नाही. किडनीचा कॅन्सर नेहमीच्या केमोला दाद देणारा नाहीच, म्हणून तर पहिलं ऑपरेशन नीट होण्याला इतकं महत्त्व.

## "किडनी दान करणारे जगतातच की"

जगतात, आणि चांगले जगतात. पण दात्याची आधी कसून तपासणी झालेली असते. मधुमेह असला, लघवीतून प्रथिनं जात असली, ईजीएफआर कमी असला, तर त्याला परतच पाठवतात. किडनीचा कॅन्सर होणारा माणूस बहुधा पन्नास-साठीचा असतो. बिडी-सिगारेट, लठ्ठपणा आणि रक्तदाब हीच या कॅन्सरची ओळखीची कारणं, आणि किडनी झिजायचीही हीच. म्हणजे ज्याला दाता म्हणून कुणी घेतलं नसतं, त्याच्याकडून आपण दात्याइतकं सोसायची अपेक्षा धरतो.

आणखी एक गोष्ट. कॅन्सर क्वचित काही वर्षांनी दुसऱ्या किडनीतही होतो. पहिली ठेवलेली असेल तर तेव्हा हाताशी काहीतरी असतं.

## दहा-वीस वर्षांनी काय दिसतं

२००६ साली न्यूयॉर्कच्या एका मोठ्या अभ्यासात आधी चांगल्या किडन्या असलेल्या, लहान गाठीच्या रुग्णांकडे पाहिलं गेलं. तीन वर्षांनी ईजीएफआर ६० च्या वर राहिलेले किती? किडनी राखलेल्यांत ८० टक्के, अख्खी काढलेल्यांत ३५ टक्के. त्या आकड्यांनी सर्जनांचं मत बदलायला मोठा हातभार लावला.

पण चित्राची दुसरी बाजू न सांगणं बरोबर होणार नाही. चिठ्ठी टाकून दोन गट पाडलेली मोठी चाचणी या विषयात एकच झाली, युरोपातून चालवलेली, ५४१ रुग्णांची, ५ सेंमीपर्यंतच्या गाठींची. २०११ मध्ये तिचे निकाल आले. दहा वर्षांनी जिवंत असलेले लोक अख्खी किडनी काढलेल्या गटात ८१ टक्के आणि राखलेल्या गटात सुमारे ७६ टक्के. म्हणजे अपेक्षेच्या उलट. चाचणी ठरल्यापेक्षा कमी रुग्णांवर थांबवावी लागली होती, आणि ज्यांना खरोखर कॅन्सर निघाला त्यांच्यापुरतं पाहिलं तर हा फरक ठाम राहिला नाही. एकूण ११७ मृत्यूंपैकी किडनीच्या कॅन्सरने झालेले फक्त १२ होते. तरी "किडनी राखली की आयुष्य वाढतं" असं छातीठोकपणे सांगायला ही चाचणी परवानगी देत नाही, आणि तसं कुणी सांगत असेल तर ते जास्तीचं आहे.

त्याच चाचणीत किडनीच्या ताकदीचं उत्तर मात्र स्पष्ट होतं. ईजीएफआर ६० च्या खाली गेलेले लोक अख्खी काढलेल्यांत ८६ टक्के, राखलेल्यांत ६५ टक्के. ३० च्या खाली गेलेले १० आणि ६ टक्के. डायलिसिसच्या उंबरठ्यावर, म्हणजे १५ च्या खाली, गेलेले दोन्हीकडे सारखेच, दीड टक्क्याच्या आसपास.

या आकड्यांचा एक अर्थ असा, की ऑपरेशनने कमी झालेली गाळणशक्ती आणि मधुमेहाने कमी झालेली गाळणशक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑपरेशनने माग एकदाच बंद होतात, उरलेले चांगले असतात. मधुमेहाने उरलेला प्रत्येक माग रोज थोडा झिजतो. पहिल्या प्रकारात घसरण बहुधा थांबते, दुसऱ्यात चालू राहते. म्हणून ज्याला मधुमेह आहे, रक्तदाब आहे, लघवीतून प्रथिनं जातात, किंवा दुसरी किडनी खड्यांनी आधीच खराब झाली आहे, त्याच्या बाबतीत किडनी राखायचा आग्रह सगळ्यात जास्त धरावा. एकच किडनी असेल तर प्रश्नच नाही. काढली की डायलिसिस. पंचेचाळिशीतल्या माणसाचीही किडनी राखावी, कारण पुढच्या तीस वर्षांत त्याला मधुमेह होणार नाही याची हमी आज कोण देणार?

## काय बिघडू शकतं

अख्खी किडनी काढणं सर्जनसाठी सोपं आहे, राखणं अवघड. त्याची किंमत म्हणून थोडा धोका जास्त पत्करावा लागतो. त्या युरोपीय चाचणीत एक लिटरहून जास्त रक्त गेलेले रुग्ण राखलेल्या गटात ३.१ टक्के होते, काढलेल्या गटात १.२. लघवी झिरपण्याचा त्रास ४.४ टक्क्यांना झाला.

लघवी झिरपते ती आतला कप्पा नीट मिटला नाही म्हणून. ऑपरेशननंतर पोटात ठेवलेल्या नळीतून पाणी येत राहतं. ते लघवीच आहे की नुसतं पाणी, हे कळायला नळीतल्या पाण्याचं क्रिएटिनिन तपासतात. रक्तातल्यापेक्षा ते खूप जास्त आलं तर लघवी आहे. बहुतेकदा लघवीच्या वाटेत आतून स्टेंट, म्हणजे बारीक नळी, घालून, वाट मोकळी करून, काही आठवड्यांत छिद्र आपोआप बंद होतं. पुन्हा ऑपरेशन क्वचितच लागतं.

दुसरा त्रास दुर्मीळ आहे, पण घरी गेल्यावर होतो, म्हणून प्रत्येकाला माहीत हवा. टाका घातलेल्या जागी धमनीला फुगा येतो आणि तो साधारण एक-दोन आठवड्यांनी फुटतो. रुग्ण बरा झालेला असतो, जेवत असतो, आणि अचानक लघवी लाल होते, गुठळ्या पडतात, चक्कर येते. इथे घरी थांबून भरपूर पाणी पाजत बसायचं नाही. मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून ती धमनी आतून बंद करतात. त्यासाठी अँजिओग्राफीची सोय असलेलं रुग्णालय लागतं. करमाळ्याचा किंवा मंगळवेढ्याचा रुग्ण असेल तर घरी सोडतानाच विचारून ठेवा : असं झालं तर रात्री दोन वाजता नेमकं कुठे जायचं? उत्तर कागदावर लिहून घ्या.

## कुणाची किडनी राखता येत नाही

गाठ सात सेंमीच्या पुढे गेली, किडनीच्या देठालाच बिलगली, मुख्य शिरेत शिरली, किंवा किडनीत निरोगी असं काही उरलंच नाही, तर अख्खी काढणं हाच योग्य उपचार आहे. तिथे हट्ट धरू नये. चार ते सात सेंमीच्या गाठी मधल्या. जागा सोयीची असेल तर त्याही काढून किडनी ठेवता येते. नुसत्या मापावर हे ठरत नाही. टोकाला, बाहेर डोकावणारी पाच सेंमीची गाठ सोपी असू शकते आणि मधोमध दडलेली अडीच सेंमीची फार अवघड. गाठीचं माप, ती बाहेर किती आहे, लघवीच्या कप्प्यापासून किती दूर आहे, टोकाला आहे की मध्ये, या सगळ्याला गुण देऊन ४ ते १२ असा स्कोअर काढतात. ६ पर्यंत सोपी, १० पासून पुढे अवघड. तुमच्या गाठीचा स्कोअर किती, हे विचारायला संकोच नको.

## सोलापुरातून निघताना

सीटीच्या फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो दुसऱ्या डॉक्टरांच्या काहीच कामाचा नसतो. सेंटरवरून सीडी मागून घ्या, कारण तिच्यात प्रत्येक काप हलवून बघता येतो. सोबत क्रिएटिनिन, ईजीएफआर, लघवीतल्या प्रथिनांची तपासणी आणि छातीचा फोटो किंवा सीटी ठेवा. दुसरी किडनी कमकुवत वाटली तर डीटीपीए स्कॅन करून कोणती किती काम करते तेही बघतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते पहिल्याच भेटीत सांगा, आणि आपल्या मनाने बंद करू नका; हृदयात स्टेंट बसवलेल्या माणसाने त्या एकदम थांबवणं धोक्याचं आहे.

मग सरळ विचारा : ही किडनी वाचू शकते का? नसेल, तर कशामुळे? महिन्याला अशी किती ऑपरेशनं तुमच्याकडे होतात? गाठीमुळे वाचू शकत नाही, हे एक उत्तर झालं. आमच्याकडे सोय नाही, हे दुसरं. दुसरं उत्तर प्रामाणिकपणे देणाऱ्या डॉक्टरांचे आभार मानावेत आणि पुढची वाट विचारावी. पुणे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या घरात. आयुष्यभराच्या किडनीसाठी हे अंतर मोठं नाही.

खर्चाच्या बाबतीत, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण कोणतं ऑपरेशन कोणत्या रुग्णालयात बसतं हे आधी आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलावर जाऊन ऑपरेशनच्या नावासकट विचारा. दुर्बिणीचं आणि उघडं यात फरक पडतो का, तेही विचारा. ॲडमिट झाल्यावर कळण्यात अर्थ नाही.

## घरी आल्यावर

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर दोन-चार दिवसांत घरी सोडतात, उघड्यानंतर आणखी थोडे दिवस लागतात. चालणं दुसऱ्या दिवसापासून. मागावर बीम चढवणं, पोती उचलणं, मोटारसायकलवरून खाचखळग्यांतून जाणं मात्र सहा आठवडे बंद.

पुढे सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे दुखण्याच्या गोळ्या. पाठ भरून आली की दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा ॲसिक्लोफेनॅक घेऊन पुन्हा कामाला लागायची सवय कष्टकरी वस्तीत घरोघरी आहे. उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर, अंगातलं पाणी कमी झालेलं आणि त्यावर ही गोळी, याने राखलेली किडनी काही दिवसांत बसू शकते. दुखलं तर डॉक्टरांना विचारून, प्रमाणात पॅरासिटामॉल. किडनी साफ करतात म्हणून दिलेली भस्मं आणि पुड्याही नकोत; त्यात जड धातू निघाल्याची उदाहरणं आहेत.

पाणी लघवी फिकट पिवळी राहील इतकं. रोज पाच-सहा लिटर ओतून किडनी जास्त चालत नाही. ज्वारीची भाकरी, वरण, भाज्या, सगळं चालतं. मीठ दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. शेंगाचटणी, लोणचं, पापड यातलं मीठही त्यातच मोजायचं. रक्तदाब १३०/८० च्या खाली ठेवायचा प्रयत्न करा आणि बिडी-सिगारेट पूर्ण सोडा.

पहिला सीटी किंवा सोनोग्राफी साधारण सहा महिन्यांच्या आत, मग डॉक्टर सांगतील त्या अंतराने. निदान पाच वर्षं न चुकता, आणि त्यानंतरही अधूनमधून, कारण हा कॅन्सर दहा वर्षांनंतरही परत आल्याची उदाहरणं आहेत. क्रिएटिनिन, ईजीएफआर आणि लघवीतली प्रथिनं मात्र दरवर्षी, आयुष्यभर.

ऑपरेशनचा सविस्तर कागद फाइलच्या पहिल्या पानावर लावा. रक्त थांबवायला किडनीच्या खळग्यात कधीकधी विरघळणारी जाळी ठेवतात. पुढचे काही आठवडे-महिने ती सीटीत हवेच्या बुडबुड्यांच्या गोळ्यासारखी दिसते. ज्या रेडिओलॉजिस्टला हे माहीत नसतं तो रिपोर्टात 'पू झाल्याचा किंवा गाठ परतल्याचा संशय' असं लिहून टाकतो, आणि घरात पुन्हा पहिल्या दिवसासारखीच रात्र होते. त्या कागदावर जाळी ठेवल्याचा उल्लेख आहे ना, हे डिस्चार्जच्या दिवशीच वाचून घ्या, आणि पुढच्या प्रत्येक सीटीच्या वेळी तो काउंटरवर सगळ्यात आधी द्या.